लोकशाही व सांविधानिक प्रजासत्ताक
लोकशाहीत बहुमत निर्णय घेते. सांविधानिक प्रजासत्ताकात राष्ट्रप्रमुख वंशपरंपरेने येत नाही आणि बहुमतही संविधानाने बांधलेले असते. ब्रिटन लोकशाही आहे, प्रजासत्ताक नाही. भारत दोन्ही आहे. वढू बुद्रुकसारख्या (ता. शिरूर) गावात ग्रामसभा ही थेट लोकशाही: मतदारयादीतील प्रत्येकाला पाणी, रस्ता, दिवाबत्ती यांवर बोलता येते. पण सगळ्या गावाने हात वर केले तरी एखाद्या कुटुंबाला जातीवरून सार्वजनिक विहीर बंद करता येत नाही; संविधानाचे अनुच्छेद १५ व १७ आड येतात. नुसती लोकशाही व सांविधानिक प्रजासत्ताक यांतला हा भेद मोलाचा आहे. गावगाड्याचा जाच ओळखूनच डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावाऐवजी व्यक्तीला मूळ घटक मानण्याचे स्वागत केले. गावाच्या पंचायतींना सांविधानिक दर्जा मात्र पुढे ७३व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून मिळाला.