वाळूतून गवसलेला नियम

फ्रान्समधील दिजाँ शहरी १२ किलोमीटरांहून लांब झाकलेल्या पाटाने झऱ्याचे निर्मळ पाणी आणून रयतेची तहान भागविणाऱ्या आँरी दार्सी या अभियंत्याने, १८५५-५६ साली तेथील इस्पितळाच्या आवारात एक उभे लोखंडी नळकांडे वाळूने भरले, आणि नळ्यांतील पाऱ्याची चढउतार न्याहाळीत झिरपत्या पाण्याचा हिशेब चिकाटीने मांडला. दाबातील अंतर दुप्पट झाले की प्रवाह दुप्पट, वाळूच्या थराची जाडी दुप्पट झाली की प्रवाह निम्मा, असा तो सरळ नियम. १९९६ साली नॉर्वेच्या स्लाइप्नर वायुक्षेत्रात, समुद्रतळाखालील खाऱ्या पाण्याने भरलेल्या उत्सिरा वालुकाश्मात, दरसाल सुमारे दहा लाख टन कार्बन डायऑक्साइड साठविण्याचे जे महत्कार्य आरंभले गेले, त्यात तो वायू खडकाच्या छिद्रांतून कसा सरकेल या गणिताचा पायाही हाच नियम होय. दार्सीचे हे ऋण आपण कृतज्ञतेने स्मरले पाहिजे.