हुकुमदार?

पाय उचला. असे नाही, गुडघ्याच्या वर. हर्णैला धक्का नाही, आगबोट खोल पाण्यातच उभी राहते. मघाशी तुम्हाला बखोटीला धरून खाली पडावात सोडलं, तसंच आता पडावातून पाण्यात सोडणार आहेत. पाणी कोमट आहे, घाबरू नका. आणि खिसा चाचपू नका, खिसाच नाही. तुम्ही नऊ वर्षांचे आहात. बाबांच्या जुन्या लष्करी कोटातून कापलेली जाड बंडी अंगात आहे, ती काखेत काचते आहे, आणि डोक्यावर १८९५ सालच्या चैत्राचं ऊन आहे.

वास येतोय ना? आधी आगबोटीच्या कोळशाचा धूर, मग रात्रभर डेकवर ओकलेल्या माणसांचा आंबूस दर्प, आणि किनाऱ्याला पाय लागताच या दोघांनाही गप्प बसवणारी, उन्हात पसरलेली सुकी मासळी. कोळणी ओरडतायत, हमाल ओरडतायत, कुणाची तरी पाय बांधलेली बकरी ओरडतेय. मागे समुद्रात सुवर्णदुर्ग मात्र म्हशीसारखा निवांत बसलाय.

पायाखाली वाळू आहे आणि वाळूशी तुमची जुनी ओळख. तुमचा जन्म डीसाच्या छावणीतला, गुजरातच्या वरच्या अंगाला, जिथून पुढे मारवाडची रेती सुरू होते. तिथे भाकरीत वाळू, अंथरुणात वाळू, आणि उन्हाळ्याच्या दुपारी लैनीतली कुत्रीसुद्धा पाय भाजतील म्हणून सावली सोडत नाहीत. पण ती वाळू कोरडी होती, फुंकली की उडायची. ही चिकटते. आई दोनदा पाय झटकते आणि नाद सोडते. "इथला वारासुद्धा ओला आहे," ती म्हणते.

बाबा पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीत निघालेत. मुक्काम आता आज्याकडे, दापोलीला. पण दापोली असं नुसतं कुणी म्हणत नाही. कॅम्प म्हणतात, कुणाच्या तोंडी त्याचं काप होतं. पेशवाई बुडाली त्या १८१८ च्या सुमाराला इंग्रजांनी या माळावर छावणी टाकली. १८४० मध्ये कवायती फौज हलवली आणि मागे उरली म्हाताऱ्या शिपायांची पलटण. पुढे तीही मोडली. सरकार तंबू घेऊन गेलं, माणसं तिथेच राहिली.

गाडीतळावर गाडीवाल्याला आधी दिसतात ती बाबांच्या कोटाची पितळी बटणं. तो ताठ होतो. "या सुभेदार!" बाबा म्हणतात, हवालदार. तो म्हणतो, तेच ते. पत्र्याची पेटी वर चढते, आईचं गाठोडं चढतं, तुम्ही चाकावर एक पाय ठेवता. आणि मग तो सहज, तंबाखू मळता मळता विचारतो, "कंचं गाव? कोन म्हनायचं आपल्याला?"

बाबा सांगतात. खोटं बोलता येत नाही, ही त्यांची मोठी अडचण आहे.

गाडीवाला बैलांकडे बघतो. बैल एकाएकी दमलेले निघतात. पेटीला आता तो हात लावत नाही, "उतरवून घ्या" म्हणतो. महाराचा हवालदार अफगाणिस्तानात कंदाहारपर्यंत चालत जाऊ शकतो, तर हर्णैहून दापोलीला का नाही, असा त्याचा हिशेब असावा.

तर चालायचं. आठ-दहा मैल आहेत, त्यातले निम्मे चढाचे. आसूदच्या सुपारीच्या बागा येतात तिथे क्षणभर वाटतं की कुणीतरी अंगावर ओलं फडकं टाकलं. पाटाचं पाणी खळखळतंय, पण प्यायचं कुठे हे आई आधी विचारून येते. मग पुन्हा चढ. रस्ता तांबडा, धूळ तांबडी, थोड्या वेळाने तुम्हीही तांबडे. वाटेत काजूची झाडं लागतात. पिवळंजर्द बोंडू दिसलं की चावायचं नाही असं कुणी सांगितलेलं नसल्यामुळे तुम्ही चावता. आधी गोड, मग घशात कुणीतरी घोंगडीचा तुकडा कोंबल्यासारखं. रस बंडीवर सांडला, तो डाग आता जन्मात जायचा नाही.

गिम्हवणे मागे पडतं, माळ लागतो आणि वारा एकदम थंड होतो. कोकणात असूनही इथले रस्ते सरळ आहेत, दोरी लावून आखल्यासारखे. गोऱ्यांचं चर्च आहे, गोऱ्यांचं कबरस्तान आहे. फॅमिली माळ नावाची वस्ती दापोलीत आजही आहे. असं नाव पलटणीच्या गावालाच शोभतं.

अंधार पडलाय. जांभ्याचं जोतं, वर गवताचं छप्पर, सारवलेली पडवी. तुम्ही अंगणात पाऊल टाकता आणि पडवीतून तोफ सुटल्यासारखा आवाज येतो.

"हुकुमदार!"

तुम्ही जागच्या जागी थिजता. आई डोक्यावरचं गाठोडं सावरून हसते, बाबा मात्र टाच जुळवतात आणि अंधारात ओरडतात, "फरेन!"

"पास, फरेन!"

हा तुमचा आजा. रात्रपाळीचा गोरा शिपाई पहाऱ्यावरून 'हू कम्स देअर' असं दरडावायचा, त्याचं देशी पलटणींनी हुकुमदार करून टाकलं. उत्तर 'फ्रेंड'. तेही आपल्या जिभेला बसेल तसं कापून घेतलं. आजा पलटणीतून सुटून तीस वर्षं झाली, पण त्याच्या अंगणात मांजरालाही हुकुमदाराशिवाय शिरता येत नाही.

आई पेटी उघडते. बाबांचा गणवेश झटकते आणि घड्यांतून, शिवणीतून, पेटीच्या कोपऱ्यांतून डीसाची रेती सारवलेल्या जमिनीवर सांडते. मूठभर असेल. आजी झाडू घेऊन येते, वाकते आणि थांबते. "हीच का ती?" बोटाने उचलून बघते. मग झाडून टाकते, पण दारापर्यंतच.

पहाटे चारला कुणी बिगूल वाजवत नाही, तरी सगळी वस्ती उठते. खाकरण्याचे, चुळा भरण्याचे, वस्तऱ्याला धार लावण्याचे आवाज. कुणी जमादार, कुणी नाईक. दोन आळ्यांत मिळून एक अख्खी कंपनी भरेल. पोरं बोलतात ती भाषा ऐका: निम्मी मराठी, निम्मी हिंदुस्थानी. कुणी महूला जन्मलेलं, कुणी कराचीला. महूहून आलेले रामजी सुभेदार तर पलटणीच्या शाळेचे हेडमास्तर होते. त्यांच्या घरचं धाकटं पोर चार वर्षांचं आहे, नाव भीम. त्याच्याकडे असं टक लावून बघू नका, लोकांना विचित्र वाटेल. तो सध्या फक्त चार वर्षांचा आहे.

आज पेन्शनचा दिवस. कचेरीच्या आवारात झाडाखाली रांग लागलीय आणि एरवी लंगोटीवर हिंडणारे म्हातारे आज ओळखू येत नाहीत. कोटांना कापराचा वास, पागोटी ताणून बांधलेली, छातीवर बिल्ले. आज्याचा बिल्ला तुम्ही काल रात्री राखेने घासलाय, बोटं अजून काळी आहेत. नाव पुकारलं की पाऊल पुढे, सलाम, अंगठा, आणि तळहातावर राणीच्या मुखवट्याचे रुपये. आजा प्रत्येक रुपया दगडावर वाजवून बघतो. सरकारवर विश्वास आहे, रुपयावर नाही.

तिथून वाण्याकडे. मीठ, गूळ, तेल, थोडा तंबाखू. वाणी आज्याला "काय सुभेदार" म्हणतो, सगळ्यांनाच म्हणतो. रुपया मात्र हातात घेत नाही. आजा तो उंबऱ्यावर ठेवतो आणि मागे सरकतो. वाणी तांब्यातून चार थेंब शिंपडतो, राणीचं तोंड धुऊन निघतं, मग ती गल्ल्यात जाते. "बघ," आजा तुमच्या कानाशी म्हणतो, "विलायतेची राणी, पण आंघोळ घातल्याशिवाय घरात घेत नाहीत." आणि इतका मोठ्याने हसतो की वाण्याचं तराजूचं माप चुकतं.

आता शाळा. हे जरा सावकाश बघू.

पलटणीत शिपायांच्या पोरांना शिकावंच लागतं, पोरींनाही. म्हणून तुमच्या आईला पोथी वाचता येते आणि तुम्हाला अडीचकीपर्यंत पाढे. डीसाला तुम्ही पहिल्या रांगेत बसायचात. इथल्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत पोरांना घ्या म्हणून पेन्शनरांनी अर्ज केले, कागद वरपर्यंत गेले, आणि निघाला तो तोडगा म्हणजे ओसरी. बसा. हा खांब तुमचा. आत वर्ग आहे, मध्ये गज लावलेली खिडकी.

मास्तरांचा आवाज चांगला आहे, खिडकीतून स्वच्छ येतो. फळा मात्र दिसत नाही. अर्धा दिसतो, तोही मान मोडून. आत पोरं ओरडतात, "पाव एके पाव," तुम्ही बाहेरून ओरडता. तुमचा आवाज एक क्षण मागे राहतो, पडसादासारखा. ऊन ओसरीवर चढत येतं तसतसे तुम्ही वीतवीत सरकता. आता खांबाची सावली एका हाताएवढी उरली आहे आणि तिच्यात तुम्ही चौघे आहात.

"पाटी खाली ठेव. मागं हो."

तुम्ही मागे होता. मास्तर दारात येतात, कमरेत वाकतात, आकड्यांवरून छडीचं टोक फिरवतात. हातच्या दोनावर टोक थांबतं. पुढे जातं. "बरोबर." आतल्या पोरांच्या पाटीवर ते स्वतःच्या हाताने खूण करतात. तुमची बेरीज बरोबर आली हे मास्तरांना, तुम्हाला आणि छडीला ठाऊक.

संध्याकाळी हे सगळं तुम्ही विसरता, नऊ वर्षांचं अंग तेवढं शहाणं असतं. माळावर पोरांची पलटण उभी आहे, काठ्यांच्या बंदुका, नारळाच्या पोईच्या तलवारी. करवंदांची लूट. कबरस्तानाच्या भिंतीवर हात लावून परत यायची पैज; तुम्ही जाता, भिंत दिवसाच्या उन्हाने अजून गरम असते, आतून कुणी श्वास घ्यावा तशी, आणि तुम्ही करवंदं सांडत परत पळता. मोठा झालो की पलटणीत जाणार, असं प्रत्येकजण म्हणतो. सरकारने महारांची भरती बंद केलीय हे थोरांच्या बोलण्यातून कानावर आलंय, पण ते पावसाच्या बातमीसारखं, कधीतरी थांबेल असं.

रात्री पडवीत म्हातारे जमतात. एकतारीवर कबीराचं भजन, चिलमीचा धूर, नाचणीची भाकरी भाजल्याचा वास. भजन संपलं की बाबा कंदाहारची थंडी सांगतात, बादलीतलं पाणी कसं दगड व्हायचं ते. मग गोपाळबाबा वलंगकरांचा विषय निघतो. तेही पलटणीतलेच, १८८६ ला सुटून इथे राहिले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' नावाचं पुस्तक काढलं, उच्चवर्णीयांना सव्वीस प्रश्न विचारणारं. गाडीवाल्याचा प्रश्न तुम्हाला आठवतो. सव्वीस म्हणजे पुष्कळ झाले.

झोप आली? थांबा, आजीने सुभेदारांकडे ताक द्यायला पाठवलंय, तेवढं करून या. जाताना चांदणं होतं, येताना ढग आलाय. पायवाट दिसत नाही, पाय ती अंदाजाने शोधतात. कुठेतरी फणस पडल्याचा धप्प आवाज होतो आणि काळीज तोंडाशी येतं. पुढे काळोखात आपलंच घर असणार, पण नक्की सांगता येत नाही.

"हुकुमदार!"

घसा कोरडा पडलाय, बोंडूने अजून खवखवतोय. तुम्ही टाचा जुळवता. अनवाणी टाचांचा आवाज होत नाही.

"फरेन."

"मोठ्याने!"

"फरेन!"

"पास, फरेन," म्हातारा म्हणतो, आणि घोंगडी उचलून बाजूला जागा करतो.