किल्लारी, १९९३ : घर कोणी विकत घेतले?

१/ ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून मराठवाडा झोपी गेला होता. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांच्या सीमेवरील जमीन हादरली. किल्लारीचा भूकंप सर्वांना ठाऊक आहे. हा धागा त्यानंतरच्या एका प्रश्नाचा आहे : गावे पुन्हा उभी करण्यासाठी लागणारा माल आणि काम कोणी, कोणाकडून, कोणत्या नियमांनी विकत घेतले?

२/ सरकारी नोंदीनुसार ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे १६ हजार जखमी झाली आणि ५२ गावे भुईसपाट झाली. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान मोजली गेली. जगाच्या मानाने हा भूकंप मध्यमच. एवढी माणसे गेली ती मुख्यतः घरांमुळे.

३/ या भागातील जुने घर म्हणजे लाकडी खांब-तुळयांचे खण, भोवती चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात अशा घरात गारवा राहतो. मात्र भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांत गुंफणारे लांब दगड बहुधा घातलेले नसत. हादरा बसताच थर सुटले आणि दगड-माती झोपलेल्यांवर कोसळली.

४/ मुख्यमंत्री शरद पवार आणि लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी यांच्यापुढे पहिले काम होते ते ढिगाऱ्याखालील माणसे काढण्याचे. सैन्य आले, स्वयंसेवी संस्था आल्या आणि देशभरातून मदतीचे ट्रक निघाले. पाऊस, बघ्यांची गर्दी आणि वाहनांची रीघ यांनी रस्ते कोंडले. मदत पुष्कळ असली तरी ती योग्य जागी योग्य वेळी पोहोचवणे हे वेगळेच काम असते, याचा हा पहिला धडा.

५/ पुरवठ्याचा भूगोलही अवघड होता. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून वेगळा झालेला, म्हणजे अवघ्या ११ वर्षांचा. लातूर शहरात येत होती ती बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी. ब्रॉडगेजच्या वाघिणी थेट शहरात येऊ शकत नव्हत्या. सिमेंट आणि लोखंड यांचा भार मुख्यतः रस्त्यांवरच पडणार होता.

६/ पुनर्वसनासाठी राज्य सरकारने जागतिक बँकेचे साहाय्य घेतले. १९९४ मध्ये ‘महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन प्रकल्प’ सुरू झाला. बँकेच्या सवलतीच्या कर्जाची रक्कम होती २४ कोटी ६० लाख डॉलर. या पैशाबरोबर खरेदीचे नियमही आले.

७/ त्या वेळच्या नियमांचा गाभा साधा होता. निविदेची जाहिरात सर्वांसाठी खुली असावी. बंद लिफाफे सर्व बोलीदारांसमक्ष उघडावेत. अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी मूल्यमापनात सर्वांत कमी खर्चाचा ठरेल त्यालाच काम द्यावे. मोठ्या कंत्राटांची कागदपत्रे बँक आधी तपासते, लहानांची नंतर. कर्ज जनतेच्या नावावर असते, म्हणून ओळखीपाळखीला दार बंद ठेवायचे.

८/ येथून पुनर्वसनाच्या दोन वाटा फुटल्या. पहिली वाट स्थलांतराची. सर्वाधिक हानी झालेली गावे नव्या जागी वसवायची ठरली. घरांचे आकार जमीनधारणेवर बेतले गेले : भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्याहून मोठ्या खातेदारांना ७५० चौरस फूट. काही गावे देणगीदार संस्थांनी दत्तक घेतली, तर उरलेल्यांची घरे सरकारने कंत्राटदारांकडून बांधून घेतली.

९/ या वाटेवर विकत घेणारा एक आणि राहणारा दुसरा होता. निविदेत नकाशा, मोजमाप आणि दर लिहिता येतात. जनावरे कोठे बांधायची, कडबा कोठे रचायचा, भावकीचा ओटा कोणासमोर असावा, हे त्यात मावत नाही. हजारो घरांचे काम मोजायला सोयीचे म्हणून सरळ रस्ते आणि एकसारखे चौकोन आले. गल्लीबोळांच्या जुन्या पांढरीच्या जागी शहरी वसाहतीसारखी पसरट गावे उभी राहिली. अनेकांचे शेत दुरावले आणि पिढ्यानपिढ्यांचा शेजार विस्कटला.

१०/ तरीही दोष केवळ नियमांवर टाकणे अन्यायाचे होईल. ज्या मातीत घरची माणसे गेली, तेथे पुन्हा राहण्यास अनेक जण तयार नव्हते. दगडाची धास्ती इतकी होती की पायाशी दगडांचे ढीग असताना मागणी सिमेंट-काँक्रीटचीच होती. निविदेने घराचे मजबूतपण आणि पैशाचा हिशेब, या दोन्हींची हमी मागितली. उघड्यावर पडलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

११/ दुसरी वाट दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची. जेथे घरे पडली नव्हती पण तडकली होती, अशी सुमारे अडीच हजार गावे आणि जवळपास २ लाख घरे या वाटेत आली. एवढ्या विखुरलेल्या कामाला एकेक कंत्राटदार नेमणे व्यवहार्य नव्हते. म्हणून घरमालकालाच खरेदीदार केले गेले.

१२/ अर्थसाहाय्य हप्त्याहप्त्याने मिळे. कामाचा एक टप्पा झाला की कनिष्ठ अभियंता तो पाहून जाई आणि मग पुढचा हप्ता सुटे. गवंडी कोणता लावायचा आणि भाव कसा करायचा, हे घरचे लोक ठरवत. बोलीदारांच्या स्पर्धेची जागा घरधन्याच्या नजरेने घेतली. स्वतःची भिंत बांधताना वाळू चाळलेली आहे की नाही, हे माणूस कोणी न सांगताही पाहतो.

१३/ या वाटेत स्त्रियांचे काम मोलाचे ठरले. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. योजना समजावून सांगणे, कामावर लक्ष ठेवणे आणि लोकांच्या अडचणी अभियंत्यांपर्यंत नेणे हे त्यांचे काम. ज्या स्त्रिया तोवर सरकारी कचेरीच्या पायरीशी अडखळत, त्या आता बांधकामाविषयी प्रश्न विचारू लागल्या.

१४/ निवड हातात आल्यावर लोकांनी तज्ज्ञांना अनपेक्षित असा कौलही दिला. जुन्या भिंतीत जोडदगड घालणे, पट्टा बांधणे, माळवदाची माती कमी करणे, असे स्वस्त उपाय सुचवले होते. बहुसंख्य घरमालकांनी त्याऐवजी एक नवी पक्की खोली बांधली. जुन्या भिंतीवरचा विश्वास उडाला होता, आणि तो कोणत्याही तांत्रिक पुस्तिकेने परत येणारा नव्हता.

१५/ ही वाटही निर्दोष नव्हती. हजारो घरे एकाच वेळी बाजारात उतरली की गवंडी मिळत नाहीत आणि मालाचे भाव चढतात. एकटी विधवा, वृद्ध किंवा अनाथ मुले यांना ‘तुमचे घर तुम्हीच बांधा’ म्हणणे म्हणजे मदत करून ओझे वाढवणे. घरमालकाला खरेदीदार करायचे, तर त्याच्या शेजारी अभियंता, गवंडी आणि संवाद सहायक उभे राहावेच लागतात.

१६/ हाच पेच आज जगभर दिसतो. १९५१ मध्ये स्थापन झालेली आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांशी जोडली गेलेली आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना विस्थापितांसाठी ताडपत्री, ब्लँकेट, भांडी विकत घेते. त्यासाठी पुरवठादारांशी आधीच दीर्घ मुदतीचे दरकरार होतात, दरपत्रके मागवली जातात, नियमांची कसून तपासणी होते. पण वस्तू द्यावी की पैसा, हा प्रश्न तिच्याही पुढे असतो. बाजार चालू असेल तर पैसा बरा. बाजारच कोसळला असेल तर वस्तू हवी.

१७/ २००१ मध्ये कच्छ हादरले, तेव्हा मराठवाड्यातील या महिला तेथील गावांत आपला अनुभव सांगायला गेल्या. गुजरातने बहुसंख्य घरे मालकांच्याच हातून बांधून घेण्याचे धोरण स्वीकारले.

१८/ पारदर्शक निविदेने चोरी रोखता येते. घर आपले वाटावे, ही किमया मात्र तिच्या हाती नाही. त्यासाठी खरेदीच्या कागदावर राहणाऱ्याचा शब्द लागतो. इतिहासात पुनर्वसनाचे आकडे वाचताना ‘किती घरे बांधली?’ याबरोबर ‘ती कोणी निवडली?’ हेही विचारावे.