अपडेट करू की उद्या बघू? घरच्या विंडोजची तीस वर्षं

रात्री काम संपवून कॉम्प्युटर बंद करायला जावं, तर 'शट डाऊन'च्या शेजारी 'अपडेट अँड शट डाऊन' येऊन बसलेलं असतं. हात क्षणभर थांबतो. सकाळी मुलीचं प्रोजेक्ट प्रिंट करायचंय, बँकेचं काम आहे, मध्येच काही बिघडलं तर? जाऊ दे, उद्या बघू. ही धाकधूक आली कुठून, ते आज बघायचंय. मी विंडोजपुरतंच बोलणार आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक घरांत पहिला कॉम्प्युटर आला तो विंडोज घेऊनच.

सुरुवात करूया २४ ऑगस्ट १९९५ पासून. त्या दिवशी विंडोज ९५ बाजारात आलं आणि अमेरिकेत लोक मध्यरात्री दुकानांबाहेर रांगा लावून उभे राहिले. जाहिरातीला रोलिंग स्टोन्सचं 'स्टार्ट मी अप'. लंडनचा 'द टाइम्स' त्या दिवशी वाचकांना फुकट मिळाला, पैसे मायक्रोसॉफ्टने भरले. म्हणजे बघा, आज जे आपण 'नंतर आठवण कर' म्हणून ढकलत राहतो, त्यासाठी तेव्हा लोकांनी झोपमोड करून पैसे मोजले.

सीडी ड्राइव्ह नसेल त्याच्यासाठी १३ फ्लॉपींचा संच होता. नेहमीच्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीत बसवणं कठीण, म्हणून त्याच फ्लॉपीवर १.६८ एमबी कोंबण्याची खास पद्धत वापरली. सगळं मिळून बावीस एमबीच्या आत. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा लग्नाचा एखादा व्हिडिओ याहून मोठा असतो. पण अकरावी फ्लॉपी खराब निघाली की आधीच्या दहांची मेहनत पाण्यात.

या इन्स्टॉलेशनच्या पोटात काय चालायचं, तो भाग मला फार आवडतो. मायक्रोसॉफ्टमधले रेमंड चेन यांनी नंतर याविषयी बरंच लिहिलंय. सेटअप हा खरं तर तीन प्रोग्रॅम एकामागून एक जोडून बनवला होता: पहिला डॉसचा, दुसरा विंडोज ३.१ चा, तिसरा विंडोज ९५ चा. कारण समोरच्याच्या मशीनवर आधी काय आहे, याचा भरवसा नाही. त्यानंतर खरी परीक्षा, ती म्हणजे मशीनमध्ये कोणकोणती कार्डं आहेत हे ओळखणं. त्या काळची जुनी साउंड कार्डं, नेटवर्क कार्डं 'मी अमुक आहे' असं स्वतःहून सांगायची नाहीत. सेटअपला अंधारात चाचपडावं लागे. एका पत्त्यावर टकटक करायची, उत्तर येतं का बघायचं. कधी कधी टकटक चुकीच्या दारावर व्हायची आणि अख्खं मशीन गोठायचं.

यावर उपाय काय काढला? प्रत्येक धोक्याच्या पायरीआधी सेटअप एका फाइलीत नोंद करून ठेवायचा, की आता मी हे करायला जातोय. मशीन गोठलंच तर तुम्ही थेट पॉवर बंद करायची, थोडं थांबायचं, पुन्हा चालू करायचं. सेटअप उठल्यावर आपलीच नोंद वाचायचा आणि ज्या पायरीवर आपला घात झाला ती सोडून पुढे जायचा. बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं की हे अडकणार.

तसंच जुन्या प्रोग्रॅमचं. चेन यांनीच सांगितलेला किस्सा आहे. विंडोज ९५ च्या विभागप्रमुखाने आपला ट्रक घेऊन सॉफ्टवेअरचं दुकान गाठलं, तिथला प्रत्येक प्रोग्रॅम एकेक विकत घेतला आणि टीममधल्या लोकांना तपासायला वाटून टाकला. 'सिमसिटी' या खेळात एक चूक होती. परत केलेली मेमरी तो पुन्हा वाचायचा. जुन्या विंडोजवर ते खपून जायचं, नव्यावर खेळ कोसळायचा. जोएल स्पोल्स्की यांनी लिहिलंय की त्यासाठी विंडोज ९५ मध्ये खास सोय केली: सिमसिटी चालू असेल तर मेमरी लगेच काढून घ्यायची नाही. चूक दुसऱ्याची, पण शिव्या नव्या विंडोजला बसतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एवढी काळजी घेऊनही आपल्या देशात गाडी अडली ती भलत्याच कारणाने. टाइम झोन निवडायच्या नकाशात काश्मीरचा भाग वेगळ्या हिरव्या छटेत होता. सुमारे आठ लाखांपैकी आठ पिक्सेल! मायक्रोसॉफ्टचे टॉम एडवर्ड्स यांनी २००४ साली सांगितलं की त्यामुळे भारतात उत्पादनावर बंदी आली आणि दोन लाख प्रती परत मागवाव्या लागल्या.

आता दुसरा धागा. विंडोज ९५ च्या नऊच दिवस आधी, १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलने भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं होतं. तीन वर्षांनी विंडोज ९८ बरोबर 'विंडोज अपडेट' आलं. दुकानातून आणायची वस्तू आता तारेतून येऊ लागली, म्हणजे निदान अमेरिकेत. आपल्याकडे डायल-अप. २००४ च्या ऑगस्टमध्ये एक्सपीचं सर्व्हिस पॅक २ आलं, पूर्ण पॅकेज साधारण २६६ एमबी. ५६ के मोडेम पूर्ण वेगाने, एकदाही न तुटता चालला तरी अकरा तास लागणार. तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला आणि बिल वाढतंय. म्हणून ते हातोहात, सीडीवरून यायचं.

आणि ते महत्त्वाचं होतं. आदल्या वर्षी, ११ ऑगस्ट २००३ ला, ब्लास्टर नावाचा वर्म पसरला. मशीन इंटरनेटला जोडलं की स्क्रीनवर साठ सेकंदांची उलटी मोजणी, मग बंद. त्यावरचा पॅच १६ जुलैलाच निघाला होता. म्हणजे २६ दिवस औषध तयार होतं, घेतलं नव्हतं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने महिन्याचा दुसरा मंगळवार ठरवून टाकला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा. आपण बरोबर कॉम्प्युटर बंद करायला जातो ती वेळ.

आपल्या गल्लीतल्या असेंबलवाल्याचा सल्ला मात्र उलटा असायचा: "ऑटोमॅटिक अपडेट बंद ठेवा, साहेब." कारण त्याने टाकून दिलेलं एक्सपी लायसन्सचं नसायचं. २००८ मध्ये एक्सपी प्रोफेशनलसाठी असं अपडेट आलं, की खोटी प्रत सापडली तर डेस्कटॉपचं चित्र दर तासाला काळं व्हायचं. लोक घाबरले आणि सगळीच अपडेट्स बंद झाली. खरं तर सुरक्षेचे महत्त्वाचे पॅच मायक्रोसॉफ्ट खोट्या प्रतींनाही देत होती. माझ्या मते 'अपडेट म्हणजे संकट' ही आपली समजूत इथे पक्की झाली.

मग कंपनीनेही त्यात भर घातली. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आलं, वर्षभर फुकट. पण २०१६ मध्ये त्या अपग्रेडच्या खिडकीवरची फुली दाबली तरी ठरलेलं अपग्रेड रद्द व्हायचं नाही. नको म्हणून दार लावावं आणि पाहुण्याने होकार समजून बॅग आत ठेवावी, तसं. कॅलिफोर्नियातल्या एका व्यावसायिक बाईंचा कामाचा कॉम्प्युटर या अपग्रेडनंतर धड चालेना. त्या कोर्टात गेल्या आणि दहा हजार डॉलर मिळवले. पुढे ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटने तर काही लोकांच्या फाइलीच पुसल्या. काही दिवसांत ते थांबवलं आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून पुन्हा दिलं. घरचे फोटो एकाच डिस्कवर ठेवणाऱ्यांना मी तेव्हापासून हाच दाखला देतो.

म्हणजे घाबरणारे बरोबर? थांबा. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या पसरला आणि न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. ज्या फटींतून तो पसरला, त्यांतल्या एका मोठ्या फटीचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. पण तो मुळात घुसला कसा? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! अपडेट न घेतल्याने नुकसान आणि घेतल्यानेही, दोन्ही एकाच घटनेत.

आता ताजं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. २०१६ ला घेतलेलं, अजून ठणठणीत चालणारं मशीन त्या यादीत नाही. १९९५ ला सेटअप मशीनमधल्या एकेका अनोळखी कार्डाला चाचपडत सांभाळून घेत होता. आता तो दारातच ओळखपत्र मागतो. अशा घरांसाठी सुरक्षा पॅचची वर्षभराची वाढीव सोय आहे, पण तिच्यासाठी नाव नोंदवावं लागतं, ती आपोआप मिळत नाही. सेटिंग्जमधलं विंडोज अपडेटचं पान उघडून एकदा बघा.

पुढच्या भागात सायबर कॅफेंचा इतिहास. भेटू.