पाठीचें पोक आणि कॅमेऱ्याचा डोळा



लातुराहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुरुड हें आमचें गांव. तेथील घराच्या ढाळजेंत लग्नकार्यांतील छायाचित्रांची एक रांग आहे. माझे थोरले चुलते प्रत्येक चित्रांत आहेत. पहिल्यांत ते ताठ उभे. पुढल्यांत मान किंचित् झुकलेली. त्यापुढल्यांत उजवा हात कोपरांत दुमडून पोटाशीं आलेला. "आबांचें आतां वय झालें," असें म्हणत आम्ही ती रांग वर्षानुवर्षें पाहिली. पुढें हात कांपूं लागला, तेव्हां डॉक्टरांनीं कंपवाताचें निदान केलें. भिंतीवर जें आधींच उमटलें होतें, तें आम्हांस वाचतां आलें नव्हतें. तें वाचण्याची विद्या मनुष्यास कशी साधली, हें आज सांगावयाचें आहे.

१८१७ सालीं लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनीं या रोगावर एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्यांत सहा रोग्यांचीं वर्णनें आहेत. त्यांपैकीं कांहीं रोगी त्यांनीं केवळ रस्त्यावर पाहिलेले होते. कंपाबरोबरच धड पुढें झुकणें आणि चालतां चालतां पळत सुटणें, हींही लक्षणें त्यांनीं टिपलीं. मात्र त्यांच्या हातीं लेखणीच होती.

पुढें पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयांत शार्को यांनीं या व्याधीस पार्किन्सनचें नांव दिलें. तेथें १८८२ पासून आल्बेर लोंद हे छायाचित्रकार काम करूं लागले. त्यांनीं अनेक भिंगांचा कॅमेरा बनविला. एकामागून एक भिंग उघडे आणि रोग्याची हालचाल टप्प्याटप्प्यानें कांचेवर उमटे. १८८५ सालीं फिलाडेल्फियांत डॉ. डर्कम आणि मायब्रिज यांनींही मज्जाविकारांच्या रोग्यांचें चालणें असेंच टिपलें.

त्याच शतकाच्या अखेरीस, आपला मराठवाडा ज्यांच्या राज्यांत होता त्या निजामांच्या दरबारीं राजा दीनदयाळ सरदारांचीं छायाचित्रें काढीत होते. अशा दरबारी चित्रांत माणूस ताठच उभा राहावयाचा. वैद्याच्या छायाचित्रकाराचें म्हणणें नेमकें उलट: "जसे आहांत तसेच उभे राहा."

हा भेद आजही महत्त्वाचा आहे. कॅमेरा समोर दिसतांच रोगी क्षणभर सांवरून उभा राहतो. म्हणून थोडें थांबावें लागतें. मग बाजूनें छायाचित्र घेऊन घोट्यापासून कमरेच्या शेवटच्या मणक्यापर्यंत एक रेघ, आणि तेथून मानेच्या तळाच्या मणक्यापर्यंत दुसरी, अशा रेघा ओढून त्यांमधील कोन मोजतात. २०२२ सालीं तज्ज्ञांनीं मर्यादा ठरविल्या: कमरेंतून ३० अंशांहून अधिक, किंवा पाठीच्या वरच्या भागांतून ४५ अंशांहून अधिक वांक असेल तर तो गंभीर, एका कुशीकडे कल असेल तर १० अंशही पुरेत. हा वांक आडवें पडतांच बहुतांशीं नाहींसा होतो. हाडांच्या पोकाहून तो येथेंच वेगळा ठरतो. आतां संगणक सांध्यांच्या जागा चित्रावरून आपणच ओळखतो. अंगास खुणा चिकटवाव्या लागत नाहींत. मात्र धोतराचा घोळ किंवा नऊवारीचे निरे त्यासही फसवूं शकतात.

एवढी मोजदाद कशासाठीं? औषधानें कंप आणि ताठरपणा पुष्कळदां उतरतो, परंतु वांक प्रत्येक वेळीं उतरतोच असें नाहीं. औषध बदललें, व्यायाम सुरू केला, त्याचा गुण आला कीं नाहीं, हें नुसत्या आठवणीवर ठरत नाहीं. आठवण मायेनें आंधळी असते. दोन तारखांचीं दोन चित्रें मात्र खरें बोलतात.

कॅमेरा निदान करीत नाहीं. तें काम डॉक्टरांचें. पण घरांतील वडील माणूस वांकूं लागलें, तर केवळ वयास दोष देऊन स्वस्थ बसूं नये. त्यांची संमति घेऊन, तारीख घालून, बाजूनें एक छायाचित्र काढावें आणि तें डॉक्टरांस दाखवावें. आमच्या ढाळजेंतील रांग आम्हांस उशिरां वाचतां आली. आपल्या घरची रांग आपण वेळेवर वाचावी, एवढीच विनंती.