जुना मिररलेस कॅमेरा हैदराबादेतून घेताना : काय तपासायचं, कोणती लेन्स लावायची

नांदेड, देगलूर, उदगीर, बिदर, आदिलाबाद या पट्ट्यातल्या फोटो स्टुडिओवाल्यांना कॅमेऱ्याचा मोठा बाजार जवळ पडतो तो हैदराबादचा. अजिंठा एक्सप्रेसनं काचीगुड्याला उतरलं की ऑटोनं कोठी जवळच. तिथल्या गुजराती गल्लीत नव्या-जुन्या कॅमेऱ्यांची, लेन्सची, फ्लॅश आणि बॅटऱ्यांची दुकानं दाटीनं लागलेली आहेत. ज्यांना जांबबागेतली विवेकवर्धिनी माहीत आहे, त्यांना ही गल्ली शोधावी लागत नाही.

कॅनन आणि निकॉन या दोघांनी २०१८ मध्ये नवे मिररलेस माऊंट बाजारात आणले, तेव्हापासून नवं काम बहुतेक त्यातच होत गेलं. साहजिकच जुने मिररलेसही आता भरपूर येतात. डीएसएलआर विकून त्यात थोडी भर घालून मिररलेस घ्यायचा, असा छोट्या स्टुडिओवाल्यांचा हिशेब असतो. पण घेतलेली वस्तू पहिल्याच लग्नात फसली, तर पार्टी दुसऱ्यांदा मंगलाष्टकं म्हणत नाही.

आधी माऊंट, मग मॉडेल

बहुतेक जण बॉडीचं मॉडेल ठरवून निघतात आणि लेन्सचं नंतर बघू म्हणतात. हिशेब उलटा करायला हवा. घरात आधीच्या डीएसएलआरच्या लेन्स आहेत का, असतील तर कोणत्या, इथून सुरुवात करावी.

कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स कंपनीच्या अ‍ॅडॉप्टरनं आर मालिकेच्या बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनवाल्यांनी मात्र सावध राहावं. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरला स्वतःची मोटर नाही. त्यामुळे एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स नीट चालतात, पण अनेकांकडे असलेली ५० एमएम १.८ डी ही लेन्स झेड बॉडीवर हातानंच फोकस करावी लागते. स्टेजवर हार घालताना ते जमत नाही.

कॅननचा एम५० जुन्या बाजारात स्वस्तात दिसतो आणि यूट्यूबवाल्यांचा तो लाडका होता. कॅमेरा वाईट नाही. पण त्याचा ईएफ-एम माऊंट कंपनीनं बंद केला आहे आणि त्याच्या लेन्स आर मालिकेवर बसत नाहीत. पुढे बॉडी बदलली की लेन्सही विकाव्या लागतात. धंद्यासाठी तो टाळलेला बरा, घरगुती वापराला हरकत नाही.

सोनीचा ई माऊंट २०१० पासून चालत आला आहे. इतर कंपन्यांनाही त्यासाठी लेन्स बनवू दिल्यामुळे सिग्मा, टॅमरॉनच्या जुन्या लेन्स याच माऊंटमध्ये सर्वांत जास्त मिळतात. कॅननच्या आरएफ माऊंटसाठी सिग्मा आणि टॅमरॉनच्या लेन्स २०२४ मध्ये कुठं यायला लागल्या, त्याही लहान सेन्सरच्या बॉडींसाठी.

लेझरनं भाजलेला सेन्सर

बॉडीवरचे ओरखडे फारसं काही सांगत नाहीत. लग्नात वापरलेल्या कॅमेऱ्याचा खरा धोका वेगळाच आहे. वरातीत डीजेवर फिरणाऱ्या लेझरचा किरण थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सर क्षणात भाजतो. मिररलेसमध्ये सेन्सरपुढे आरसा नसतो, लाइव्ह व्ह्यूसाठी तो सतत उघडाच असतो, त्यामुळे हा धोका अधिक. भाजलेल्या जागी रंगीत ठिपका दिसतो किंवा फोटोभर आडवी-उभी रेघ येते. ही दुरुस्ती म्हणजे सेन्सर बदलणं, आणि तो खर्च जुन्या बॉडीच्या किमतीला भिडतो.

म्हणून दुकानातच दोन फोटो काढावेत. लेन्सवर टोपी लावून काही सेकंदांचा एक, आणि पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वर दुसरा. दोन्ही स्क्रीनवर मोठे करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहावेत. धुळीचे काळे डाग साफ होतात, रेघ जात नाही. थोडा व्हिडिओही काढावा, काही दोष तिथंच दिसतात.

शटर किती वेळा उडालं याचा आकडा निकॉन आणि सोनीच्या फोटोफाइलमधून बहुधा काढता येतो. सोनीनं ए७ थ्रीच्या शटरची चाचणी दोन लाखांपर्यंत सांगितली आहे, ही तुलनेला उपयोगी. सेन्सर स्थिरीकरण असलेल्या काही बॉडी बंद असताना हलवल्या की आत खडखड वाजते, तो बिघाड समजू नये.

मेनू नक्की उघडून बघा. जपानमध्ये विकलेल्या सोनीच्या अनेक बॉडींत भाषा फक्त जपानीच असते, आणि ती बदलता येत नाही.

लेन्सच्या मागच्या बाजूनं मोबाइलचा टॉर्च मारून पुढून पाहावं. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. बिदर-नांदेडकडची हवा उन्हाळ्यात कोरडी असली तरी पावसाळ्यात बंद बॅगेत ती धरते. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा पुरतो.

घरी आल्यावरची मांडणी

पहिल्यांदा फॅक्टरी रीसेट. आधीच्या मालकानं बटणांना काय काय जोडून ठेवलेलं असतं, ते शोधण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. मग फर्मवेअर, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट, आणि तारीख-वेळ. दोन कॅमेरे वापरत असाल तर दोघांची घड्याळं मिनिटाला मिनिट जुळवा, नाहीतर एडिटिंगला सप्तपदी आधी आणि हळद नंतर येते.

व्हिडिओ पालवर ठेवावा, म्हणजे सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की ट्यूबलाइटच्या पट्ट्या फिरत नाहीत. सायलेंट शटर मंगल कार्यालयात बंदच ठेवा, एलईडीखाली त्यानं फोटोवर पट्टे उमटतात. डोळ्यांवरचा ऑटोफोकस चालू करा, ऑटो आयएसओला ६४०० ची मर्यादा घाला, फोटो रॉमध्ये ठेवा.

लेन्स कोणती?

सोबत येणारी १६-५० किट लेन्स उजेडात ठीक, हॉलमध्ये नाही. तिचं छिद्र झूम केल्यावर एफ ५.६ पर्यंत आक्रसतं आणि आयएसओ चढत जातो. बजेट तेवढंच असेल तर बॉडी एक पायरी जुनी घ्यावी आणि पैसा लेन्सवर लावावा. सोनी ए६००० सारखी २०१४ ची बॉडी चांगल्या लेन्सवर अजूनही पैसे वसूल करते.

लहान सेन्सरच्या बॉडीवर चौकट आवळते : सोनी, निकॉनवर दीडपट, कॅननवर १.६ पट. म्हणजे ५० एमएम तिथं ७५ किंवा ८० सारखी वागते, घरातल्या देवघरात ती बसत नाही. लग्नाला पहिली लेन्स म्हणून सिग्मा १८-५० एफ २.८ किंवा टॅमरॉन १७-७० एफ २.८ योग्य. अंधाऱ्या हॉलसाठी सिग्मा ३० एमएम एफ १.४ नंतर घ्यावी, नवरीच्या एकेकट्या फोटोंसाठी ५६ एमएम त्याहूनही नंतर. मोठ्या सेन्सरच्या सोनीवर टॅमरॉन २८-७५ एफ २.८ हीच पहिली निवड.

बिलाशिवाय नको

मोबाइल हरवला तर सीईआयआरवर तो बंद करता येतो. कॅमेऱ्याला आयएमईआय नसतो, तशी सोय नाही. चोरीचा माल अंगावर येऊ नये म्हणून पक्कं बिल हवं, त्यावर बॉडी आणि लेन्स दोन्हींचे सिरियल नंबर. जुन्या मालाचा व्यापारी मार्जिन योजनेत जीएसटी भरत असेल तर तो फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो, त्यामुळे स्टुडिओ नोंदणीकृत असला तरी इनपुट क्रेडिट धरून भाव ठरवू नये. 'पंधरा दिन की गॅरंटी' तोंडी मिळतेच, ती बिलावर लिहून घ्यावी. लिहायला नकार मिळाला तर शेजारचं दुकान आहेच. आणि बिलावरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळतो का, हे पैसे देण्याआधी काउंटरवरच पाहावं.