छांब येथील हवाई कारवाई (१९६५)

छांब येथील हवाई कारवाई ही १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात भारतीय वायुसेनेने १ सप्टेंबर रोजी सायंकाळी केलेली पहिली चढाई होय. तीत सर्वाधिक हानी सोसणारे ४५ क्रमांकाचे व्हँपायर स्क्वाड्रन युद्धाच्या तोंडावर पुण्याहून पठाणकोटला हलविण्यात आले होते.

पार्श्वभूमी

त्या दिवशी पहाटे पाकिस्तानी सैन्याने रणगाड्यांसह छांबवर आक्रमण केले. त्यांचा रोख अखनूरच्या चिनाब नदीवरील पुलाकडे होता. तो पडता तर राजौरी-पूंछकडील भारतीय फौजांची रसद तुटली असती. दुपारी चारच्या सुमारास लष्करप्रमुख जनरल जे. एन. चौधरी यांनी हवाई साहाय्याची मागणी केली. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट न पाहता वायुसेनाप्रमुख एअर मार्शल अर्जन सिंग यांना अनुमती दिली. ५ वाजून १९ मिनिटांनी पहिली विमाने उडाली.

चढाई

सूर्यास्तापूर्वी १२ व्हँपायर आणि १४ मिस्टियर विमाने पाठविण्यात आली. व्हँपायर हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आखलेले, एव्हाना कालबाह्य झालेले विमान. त्यांच्या रक्षणासाठी सोबत लढाऊ विमाने नव्हती, ही या मोहिमेतील सर्वांत गंभीर उणीव म्हटली पाहिजे. स्क्वाड्रन लीडर एस. के. दाहर यांच्या तुकडीतील पाठक यांचे विमान जमिनीवरील माऱ्याने पडले. मात्र ते हवाई छत्रीने उतरून सुखरूप परतले. दुसऱ्या एका तुकडीला स्क्वाड्रन लीडर सरफराज रफीकी व फ्लाइट लेफ्टनंट इम्तियाज भट्टी यांच्या सेबर विमानांनी गाठले. भागवागर, व्ही. एम. जोशी आणि भारद्वाज हे तिघे वैमानिक मारले गेले. चौघांपैकी एकटे सोंधी तळावर परतले. धूळ आणि मावळता प्रकाश यांमुळे काही स्वकीय तुकड्याही माऱ्यात सापडल्या. तथापि, पाकिस्तानी आगेकूच मंदावण्यास या चढाईचा हातभार लागला.

परिणाम

व्हँपायर व तुफानी विमाने आघाडीवरून काढून घेण्यात आली आणि २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची नॅट विमाने पठाणकोटला आणली गेली. ३ सप्टेंबर रोजी मिस्टियर विमाने आमिष म्हणून उंचावरून पुढे धाडण्यात आली. नॅट विमाने रडार टाळण्यासाठी खालून गेली. सेबर विमाने चालून येताच झालेल्या झुंजीत एक सेबर पाडल्याचे श्रेय स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांना मिळाले. त्यांना वीरचक्र देण्यात आले. (पाकिस्तानच्या म्हणण्यानुसार ते सेबर जायबंदी अवस्थेत परतले.) त्याच दिवशी स्क्वाड्रन लीडर ब्रिजपाल सिंग सिकंद यांचे नॅट पसरूर येथे उतरले आणि ते युद्धकैदी झाले. रफीकी ६ सप्टेंबरला हलवाऱ्यावरील हल्ल्यात मारले गेले.